काकूंच्या पेटीचा सूर

भिलाईला चाललोय म्हटल्यावर आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांनी लिफ्टमध्ये विचारलं, तिथे बघण्यासारखं काय आहे हो? मी म्हणालो, काही नाही. खोटं बोललो. बघण्यासारखा एक माणूस आहे तिथे. पण पाचव्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत जेवढा वेळ मिळतो त्यात हे सांगून होत नाही.

मी गिटार वाजवतो. वय सत्तेचाळीस, गुडघे कुरकुरतात, तरी रॉक वाजवतो. मोठी स्टेडियमं आमच्या नशिबी नाहीत. पुण्यातले कॅफे, एखादी ब्रुअरी, कधी कंपनीचा वार्षिक समारंभ. लोक पिझ्झ्याकडे तोंड करून बसतात आणि आम्ही त्यांच्या पाठींना गाणी ऐकवतो. बँडमध्ये बेसवर केदार आणि ड्रम्सवर नेहा. दोघांची वयं जोडली तर माझ्याहून थोडी जास्त भरतील. गाणारा पोरगा नोकरी लागून बंगळुरूला गेला, तेव्हापासून मीच कसंबसं भागवतो. माझा आवाज कसा आहे ते नेहाने एकदा सांगितलं होतं. ते इथे लिहीत नाही.

जानेवारीच्या अखेरीला भिलाईच्या नेहरूनगरमधल्या एका छोट्या कॅफेचं बोलावणं आलं. भाडं-तोडं वजा जाता हाती काही उरणार नव्हतं. केदार म्हणाला, दादा, हे परवडत नाही. मी म्हटलं, आपण जातोय. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पुढे वाद घातला नाही.

मी मूळचा तिथलाच. आमचं घर शेजारच्याच दुर्गच्या पद्मनाभपुरात, वडील शाळामास्तर. आणि भिलाईत, सेक्टर सहामध्ये पोलादाच्या प्लांटच्या क्वार्टरात राहायचा विलास लांजेवार. त्याचे वडील भंडाऱ्याकडची शेती भावाला देऊन प्लांटमध्ये लागलेले. विलास गायचा, मी वाजवायचो. सहा वर्षं आम्ही त्यांच्या पुढच्या खोलीत सराव केला. विसाव्या वर्षी दोघांनी पुण्याची तिकिटं काढली, आणि निघायच्या दिवशी विलास फलाटावर बॅगेशिवाय आला. प्लांटमधून त्याचं बोलावणं आलं होतं. मी त्याला म्हणालो, “जा, लोखंड वितळव. तुले तेच जमते.” त्याने आईने दिलेला डबा माझ्या हातात ठेवला आणि गाडी सुटली.

त्यानंतर दिवाळीला फोन, दोन-दोन मिनिटांचे. आईवडील माझ्याकडे पुण्याला आले, पद्मनाभपूरचं घर विकलं, मग त्या बाजूला जायला निमित्तच राहिलं नाही. या वेळी मात्र मी विलासला फोन करून म्हणालो की एक गाणं तरी आमच्यासोबत म्हण. तो हो म्हणाला. इतक्या लवकर म्हणाला की फोन ठेवल्यावर मी बाल्कनीत जाऊन उभा राहिलो.

दुर्ग स्टेशन, पहिला दिवस

सकाळी उतरलो तेव्हा थंडी चांगलीच होती. पुणेकर ज्याला थंडी म्हणतात तशी नाही, कानात शिरणारी. विलास स्टेशनवर नव्हता, फर्स्ट शिफ्ट होती त्याची. पोरांना मी आधीच सांगून ठेवलं होतं की या गावात माणूस भेटला की ‘कसा आहेस’ असं नाही विचारत, ‘कौनसी शिफ्ट’ असं विचारतात. त्या एका उत्तरात तो कधी झोपतो, कधी जेवतो, लग्नाला येणार की नाही, सगळं कळतं. नेहाला वाटलं मी चेष्टा करतोय. रिक्षावाल्याने वाटेत दुसऱ्या रिक्षावाल्याला ओरडून भावाची शिफ्ट विचारली, तेव्हा ती हसत सुटली.

स्टेशनबाहेर पोहे आणि जलेबी खाल्ली. एकाच प्लेटमध्ये, एकमेकांना टेकलेली. केदारने जलेबी चमच्याने बाजूला सारली, पोह्यांना पाक लागू नये म्हणून. मी त्याला म्हटलं, अरे बाबा, लागू दे. दुसऱ्या दिवशी तो स्वतःच पाक लावून खात होता.

लॉजवर सामान टाकून मी दोघांना सेक्टर सहा दाखवायला नेलं. रस्ते तसेच, रुंद आणि सरळ, दोन्ही बाजूंना मोठाली झाडं. लांजेवारांच्या जुन्या क्वार्टरपुढे उभा राहिलो. आता तिथे तेलुगू कुटुंब राहतं. दारात तांदळाच्या पिठाची रांगोळी होती, खिडकी तीच. त्या खिडकीतून आमचा आवाज अख्ख्या ओळीला जायचा आणि नाईट शिफ्ट करून झोपलेले लोक काठी घेऊन यायचे. म्हणून आमचा सरावही शिफ्टच्या वेळापत्रकावर चाले. शेजारचे तिघं ड्युटीवर असले की आम्ही मोकळे. घरातली बाई बाहेर आली, म्हणाली, किससे मिलना है? मी म्हटलं, किसीसे नहीं, बस देख रहे थे. तिने दार लावून घेतलं. बरोबरच केलं.

नेहरूनगर, दुपार

कॅफे पहिल्या मजल्यावर, चाळीस खुर्च्या. मालक मल्याळी, इथेच जन्मलेला, आमच्यापेक्षा जास्त उत्साही. त्याने ड्रम सेट आणून ठेवला होता, पण पायाने वाजवायचं पेडल नव्हतं. नेहाच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. मालकाने एक फोन केला आणि वीस मिनिटांत चर्चमध्ये ड्रम्स वाजवणारा एक रिटायर्ड क्रेन ऑपरेटर पेडल पिशवीत घालून हजर. भाडं घेईना. संडे सुबह की सर्विस से पहले लौटा देना, एवढंच म्हणाला. पुण्यात आम्ही एकदा एका केबलसाठी दोन तास भांडलो होतो.

मी पेडल बसवायला नेहाला मदत करत होतो तेवढ्यात विलास आला. फर्स्ट शिफ्ट करून, घरी जाऊन, अंघोळ करून. केस ओले, नीट विंचरलेले, अर्धे पांढरे. अंगावर लग्नकार्यात घालतात तसा इस्त्रीचा शर्ट. हातात तीच जुनी गिटार. मी पुढे झालो, पण मिठी मारावी की हात मिळवावा हे दोघांनाही कळेना. शेवटी त्याने माझ्या पोटावर टिचकी मारली. म्हणाला, पुण्याचं पानी लागलं तुले.

आता जे झालं ते नीट सांगतो, कारण चूक माझी आहे.

विलास गिटार घरूनच लावून आला होता. त्याने एक तार छेडली आणि केदारने मान वर केली. केदार सभ्य पोरगा आहे. तो उठला, “काका, एक मिनिट,” म्हणाला, आणि स्वतःचं ट्यूनर विलासच्या गिटारला लावलं. चिमट्यासारखं छोटं यंत्र असतं, सूर बरोबर लागला की हिरवं होतं. विलासच्या सहाच्या सहा तारा लाल. केदारने एकेक खुंटी पिळून सगळ्या वर आणल्या, हिरव्या केल्या, आणि गिटार अदबीने परत दिली. विलासने माझ्याकडे बघितलं. मी पेडलचा स्क्रू आवळत राहिलो.

मला माहीत होतं ना. त्या काळात आमच्याकडे कसलं ट्यूनर? विलासची आई सेक्टरमधल्या भजनी मंडळात पेटी वाजवायची. आमच्या गिटारी आम्ही तिच्या पेटीवर लावायचो. बेसही पेटीवर, सगळं पेटीवर. सेक्टरमध्ये आम्हाला ‘पेटीवाले पोट्टे’ म्हणत. आणि ती पेटी होती उतरलेली, जगाच्या सुरापेक्षा थोडी खाली. आम्ही सगळेच तेवढे खाली होतो, म्हणून कुणाला काही कळायचं नाही. मला कळलं पुण्यात, पहिल्याच दिवशी. तिथल्या पोरांनी यंत्र लावून दाखवलं आणि हसले. मी मान खाली घालून तारा पिळल्या आणि पेटीची गोष्ट या दिवसापर्यंत कुणाला सांगितली नव्हती. लाज वाटली होती, दुसरं काय.

गाणं सुरू केलं. आमचं जुनं, आम्हीच केलेलं. बापाचा डबा घेऊन प्लांटच्या गेटवर उभ्या असलेल्या पोराचं. ‘गेट के बाहर खड़ा हूँ, डब्बा ठंडा हो रहा है.’ हे गाणं मी पुण्यात किती जणांकडून गाऊन घेतलं त्याला हिशेब नाही. कधीच तसं लागलं नाही. कधी गाणाऱ्याला दोष दिला, कधी अँपला, कधी वयाला. आता म्हटलं, खरा मालक आलाय.

विलासचा आवाज मात्र खाली ओढत होता आणि गिटार वर. दुसऱ्या कडव्यात एक उंच जागा आहे, तिथे त्याचा सूर फाटला. पुन्हा घेतलं, पुन्हा फाटला. तिसऱ्यांदा तो थांबलाच. गिटार भिंतीला टेकवली, म्हणाला, “मले नाही जमत आता. तू वाजव लेका, तुमचं चांगलं चाललं आहे.” आणि जिना उतरून गेला. गिटार तिथेच राहिली. केदार विचारत होता, दादा, माझं काही चुकलं का? मी म्हटलं, नाही रे, तुझं नाही.

बोरसी, दुसरा दिवस

कार्यक्रम संध्याकाळी सातला. इथे सात म्हणजे सात, कारण निम्म्या लोकांना पहाटे पाचला उठायचं असतं. विलास ड्युटीवर असणार हे माहीत होतं, तरी मी त्याची गिटार घेऊन बोरसीला गेलो. तिथे त्याने घर बांधलंय. नेहा म्हणाली मीपण येते. मला बरंच वाटलं.

दार काकूंनीच, विलासच्या आईनेच, उघडलं. वय झालंय, पण कणा ताठ. मला ओळखायला त्यांना एक क्षणही लागला नाही.

“प्रकाश, कावून रे एवढा उशीर?”

मला वाटलं सकाळच्या उशिराबद्दल म्हणतायत. मग कळलं, नाही. मी वाकून नमस्कार केला आणि तसाच जरा वेळ वाकून राहिलो. डोळे पुसायला तेवढी सवड मिळाली.

जेवल्याशिवाय सोडणं शक्यच नव्हतं. पाटवडीचा रस्सा, तांदळाची भाकर आणि तिवऱ्याची भाजी. तिवऱ्याची कोवळी पानं फक्त थंडीत मिळतात, जराशी तुरट लागतात. पुण्यात ती मला कुठल्याच मंडईत दिसली नाही, आणि कशी असते ते भाजीवालीला समजावून सांगताही आलं नाही. नेहाने तीन भाकरी खाल्ल्या. रस्स्याने नाक लाल झालं होतं, तरी वाटी पुढे करत होती. काकू खूश. पोट्टी ढोल वाजवते म्हणून आधी जरा बिचकल्या होत्या, ते विसरल्या.

जेवताना काकू बोलत होत्या. विलास महिनाभर रोज ड्युटीवरून आला की हे एकच गाणं म्हणत होता. सून वैतागली, नातू कानात बोळे घालून बसायचा. आणि काल आला तो न जेवता झोपला. मी घास हातात धरून ऐकत होतो. मग विचारलं, पेटी आहे अजून?

पेटी कपाटावर नव्हती, अडगळीत नव्हती. पुढच्या खोलीत पाटावर होती, वर विणलेलं झाकण. काकूंनी भाता उघडला आणि एक पट्टी दाबली.

कसं सांगू? मला क्वार्टरच्या खिडकीतलं ऊन दिसलं. त्या एका सुरात सगळं होतं. सत्तावीस वर्षं मी ज्या सुराला शोधत फिरलो, तो इथे बोरसीत विणलेल्या झाकणाखाली बसला होता. नेहाने गुपचूप ट्यूनर काढून पेटीवर ठेवलं. काटा दोन स्वरांच्या मधोमध, धड इकडे नाही, धड तिकडे नाही.

“उतरली आहे ते मलेही समजते,” काकू म्हणाल्या. “रायपूरहून दुरुस्तीवाला दोनदा आला. विलासनं दोनदा हाकलला. मंडळातल्या बाया मले बोलतात, काकू, पेटी बेसूर आहे. मी काय करू बाप्पा, हा हातच लावू देत नाही.”

मी काकूंना सूर धरून ठेवायला सांगितलं आणि विलासच्या गिटारच्या तारा एकेक करून खाली आणल्या. मग माझी गिटार हवी होती, ती कॅफेत. काकूंच्या ते लगेच ध्यानात आलं.

“पेटीच घेऊन जा न.”

“काकू, विलास चिडंल.”

“चिडू दे. चिडला त येईन तरी.”

विलासची गिटार नेहाकडे देऊन बोरसीहून नेहरूनगरपर्यंत मी ती पेटी मांडीवर घेऊन रिक्षात बसलो. दर खड्ड्याला आतून बारीक कण्हल्यासारखा आवाज यायचा आणि रिक्षावाला मागे वळून बघायचा.

केदारने सगळं ऐकून घेतलं. त्याचं म्हणणं रास्त होतं. एका गाण्यासाठी सगळ्या तारा उतरवायच्या, पुढच्या गाण्याला परत चढवायच्या, लोकांसमोर. मी म्हटलं, मग ते गाणं शेवटी घेऊ. त्याने मान डोलावली. म्हणाला, दादा, काल तुम्ही हे मला सांगितलं असतं तर मी त्यांच्या गिटारला हात लावला नसता. मी म्हटलं, माहीत आहे.

कॅफे, संध्याकाळी सात

खुर्च्या भरल्या होत्या. आयाबाया, पोरं, स्वेटर घातलेले काका. पुण्यात कुणी पहिल्या रांगेत बसत नाही, इथे पहिली रांग आधी भरली. पेडलवाला क्रेन ऑपरेटर अगदी समोर बसून नेहाच्या पायाकडे टक लावून बघत होता. लोक गाणं संपलं की टाळ्या वाजवत आणि मग आपसात त्यावर चर्चा करत. एका काकांनी मला मध्येच थांबवून गिटारचा आवाज कमी करायला सांगितलं, गाण्याचे शब्द कळत नाहीत म्हणाले. मी केला.

पण माझं लक्ष जिन्याकडे. पेटी स्टेजच्या कडेला ठेवली होती. आठ वाजून गेले. शेवटून दुसरं गाणं संपलं, केदार आणि मी पेटीजवळ बसलो, पट्टी दाबली आणि तारा उतरवायला लागलो. लोकांना वाटलं काहीतरी बिघडलं. तेवढ्यात विलास वर आला. घरच्याच कपड्यांत, पायात चप्पल.

सरळ माझ्याकडे आला. “माह्या मायची पेटी कोनाले विचारून आनली?”

“मायलेच विचारून,” मी म्हणालो. “बस. भाता धर. माही एक तार राहिली आहे.”

त्याने पेटीकडे बघितलं, मग केदारच्या बेसकडे, मग भिंतीला टेकलेल्या स्वतःच्या गिटारकडे. वाकून तिची एक तार छेडली. मी माझी छेडली. दोन्ही एक झाल्या. तो खाली बसला आणि भाता धरला. मी शेवटची तार लावेपर्यंत त्याने मान वर केली नाही.

गाणं झालं. काय सांगू कसं झालं. दुसऱ्या कडव्यातली ती जागा आली तेव्हा मी तारांवरून नजर काढून त्याच्याकडे बघितलं. तो सहज वर गेला आणि तिथे थांबला, हवा तेवढा वेळ. आवाज आता जाडा झालाय, भट्टीसमोरची इतकी वर्षं त्यात आहेत, पण जागा तीच. पहिल्या रांगेतल्या एका बाईने पदर तोंडाला लावला. तिच्या घरीही कुणी डबा घेऊन गेटवर उभं राहिलं असेल. मी सत्तावीस वर्षांनी पहिल्यांदा ते गाणं बरोबर वाजवलं.

नंतर खाली चहाच्या टपरीवर दोघंच उभे होतो. मी विचारायचं ते विचारलं. म्हटलं, चल माझ्यासोबत. सगळं सोडून नको, सुट्टी टाकून ये, चार कार्यक्रम कर. आमच्याकडे गाणारा नाही.

त्याने नाही म्हटलं. रागाने नाही. म्हणाला की तुमच्याकडे रोज वेगळ्या जागी, वेगळ्या माणसांपुढे गावं लागतं. आपल्याला घरच्या खोलीत आणि आज इथे एवढंच येतं. मग कप खाली ठेवून म्हणाला, सकाळी सहाला गेट आहे.

मी त्याला फलाटावरचं बोलणं माफ कर म्हणालो. त्याला ते आठवतच नव्हतं, किंवा तसं म्हणाला. मग मी पेटीचं विचारलं. दुरुस्तीवाल्याला दोनदा का हाकललं?

तो पेटी उचलत होता. दोन्ही हातांनी पोटाशी धरली, त्यामुळे त्याला माझ्याकडे बघायची गरज उरली नाही.

“ती दुरुस्त केली असती, अन् तू वापस आला असता,” तो म्हणाला, “त गिटार कशावर लावली असती तू?”

पुणे

परत आल्यावर सोसायटीतल्या त्या गृहस्थांनी विचारलं, कशी झाली ट्रिप? छान झाली म्हटलं.

माझ्याकडे तीन गिटारी आहेत. दोन सगळ्या जगाच्या सुरात असतात, त्यांच्यावर धंदा चालतो. तिसरी मी काकूंच्या पेटीच्या सुरात ठेवलीय. केदार ती उचलतो, एक तार छेडतो, तोंड वाकडं करतो आणि परत ठेवतो. यंत्र मात्र लावत नाही आता. तिच्याबरोबर इथे कुणीच वाजवू शकत नाही, आणि मीही नुसता एकटा दहा-पंधरा मिनिटं वाजवून ठेवून देतो.

गेल्या आठवड्यात तिच्या तारा बदलल्या. नव्या तारा लावायला सूर हवा म्हणून बोरसीला फोन केला. काकूंनी उचलला. विलास सेकंड शिफ्टला गेला होता. मी कशासाठी फोन केलाय ते ओरडून ओरडून सांगितलं. त्यांनी फोन पेटीजवळ ठेवला, भाता ओढला आणि पट्टी दाबून धरली. मी सावकाश खुंट्या पिळत गेलो. एक तार, दुसरी, सहाही. काकूंचा हात दुखला असेल, पण सूर हलला नाही.

मग पेटी थांबली आणि फोनवर काकूंचा श्वास ऐकू आला.

“लागली का रे?”

“लागली, काकू.”

“मंग ये न आता,” काकू म्हणाल्या.